न्वाझिएलची मेनिए चॉकलेट गिरणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समधल्या या जुन्या कारखान्याबद्दल वास्तुकलेचे विद्यार्थी, पॅरिसला निघालेले प्रवासी आणि जुन्या गिरण्यांवर जीव असलेले वाचक सतत काही ना काही विचारत असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही इमारत नेमकी कुठे आहे आणि तिचं एवढं कौतुक कशासाठी?

पॅरिसच्या पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटरवर, मार्न नदीच्या काठी न्वाझिएल नावाचं गाव आहे. तिथे मेनिए घराण्याचा चॉकलेटचा कारखाना होता. आवार मोठं आहे आणि त्यात वेगवेगळ्या काळातल्या अनेक इमारती आहेत. पण बहुतेक जण ज्या फोटोवरून विचारतात, ती म्हणजे थेट नदीच्या पाण्यात उभी असलेली, रंगीत विटांची, अंगभर तिरक्या लोखंडी पट्ट्या असलेली गिरणी. वास्तुकार ज्यूल सोनिए याने ती उभारली. काम १८७२ मध्ये पूर्ण झालं. मधल्या काळात फ्रान्स-प्रशिया युद्धाने खंड पडला होता.

कौतुकाचं कारण असं, की या इमारतीच्या भिंती काहीच उचलत नाहीत. सगळा भार लोखंडी सांगाड्यावर आहे आणि सोनिएने तो सांगाडा दगडाच्या दर्शनी भागाआड दडवला नाही. त्या काळी लोखंड वापरायचं ते आत, आणि बाहेरून दगडी भारदस्तपणा आणायचा, अशी रीत होती. इथे लोखंडालाच दर्शनी मान दिला, आणि तोही एका कारखान्यात.

२. चॉकलेटचा कारखाना एका औषधवाल्याने काढला, हे खरं का?

खरं आहे. जाँ-आंत्वान-ब्र्युत्युस मेनिए याने १८१६ मध्ये पॅरिसला औषधी पुडींचा धंदा सुरू केला. मुळं, साली, बिया बारीक दळायच्या तर ताकद हवी, म्हणून १८२५ मध्ये त्याने न्वाझिएलची पाणचक्की घेतली. चॉकलेट तेव्हा त्याच्याकडे मुख्यतः कडू औषधांवर लेप देण्यासाठी लागे. १८३६ मध्ये त्याने पिवळ्या कागदात गुंडाळलेली खायची चॉकलेटची वडी बाजारात आणली आणि धंद्याचा रोख हळूहळू बदलला.

मुलगा एमिल-ज्युस्तँ १८५३ मध्ये कारभारावर आला. त्याने १८६७ मध्ये औषधांची बाजू विकून टाकली आणि सगळं लक्ष चॉकलेटवर लावलं. निकाराग्वात स्वतःचे कोकोचे मळे घेतले, लंडनला कारखाना काढला. जुनी चक्की या पसाऱ्याला पुरणारी नव्हती. तिच्या जागी नवी गिरणी बांधायचं काम सोनिएकडे आलं ते त्यामुळे.

३. काठावर एवढी जागा असताना गिरणी नदीतच का बांधली?

कारण ताकद नदीतच होती. ही गिरणी वाहत्या पाण्यावर चाले. नदीपात्रात भक्कम दगडी खांब आहेत, त्यांच्या मधून पाणी जोरात वाहतं आणि तिथेच टर्बाइन बसवलेली होती. टर्बाइनची गती शाफ्ट आणि पट्ट्यांमार्फत वरच्या मजल्यांवरच्या यंत्रांना मिळे. यंत्रं पाण्यापासून जितकी लांब, तितकी वाटेत ताकद वाया. म्हणून कोको दळणारी जड यंत्रं टर्बाइनच्या डोक्यावरच असणं सोयीचं होतं. जुनी चक्कीही तिथेच होती.

इमारतीचा आकार यातूनच ठरला. खाली मोजकेच दगडी खांब, वर अनेक मजल्यांची जड यंत्रं, आणि खांबांमधलं अंतर पाण्यासाठी मोकळं ठेवणं भाग. जाड दगडी भिंती बांधल्या असत्या तर त्यांचं वजन पेलायला पात्रात आणखी खांब घालावे लागले असते आणि पाण्याची वाट अडली असती. हलका सांगाडा ही इथे गरज होती. न्वाझिएलच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण ते सौंदर्य या अडचणीतून आलं आहे, हे विसरून चालणार नाही.

४. बाहेर दिसणाऱ्या तिरक्या पट्ट्या शोभेसाठी आहेत का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दगडी खांबांच्या माथ्यावर पेटीच्या आकाराच्या पोकळ लोखंडी तुळया टाकल्या आहेत. त्यांची मिळून एक चौकट होते आणि सबंध इमारत या चौकटीवर बसली आहे. तिच्यावर उभे लोखंडी खांब, मजल्यामजल्याच्या आडव्या तुळया आणि या दोन्हींना बांधून ठेवणारं तिरक्या पट्ट्यांचं जाळं आहे. सगळे तुकडे रिव्हेट ठोकून जोडलेले. लोखंडी कामाचा कंत्राटदार होता आर्माँ म्वाझाँ, त्या काळातला नावाजलेला अभियंता.

आता नुसती उभी-आडवी चौकट डोळ्यांसमोर आणा. वाऱ्याने किंवा यंत्रांच्या हादऱ्यांनी बाजूने जोर दिला, तर आयताचा समांतरभुज चौकोन व्हायला वेळ लागत नाही. तिरकी पट्टी टाकली की त्या आयताचे त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी कायम असेल तोवर त्याचा आकार बदलू शकत नाही. शिवाय हे जाळं वरचा भार थोडाथोडा बाजूला वळवत खालच्या दगडी खांबांकडे नेतं. खांब दूर दूर असल्यामुळे मधल्या भागाचं वजन कुठेतरी न्यावंच लागणार होतं. लोखंडी पुलाच्या कैचीत (त्रिकोणांनी बनलेल्या चौकटीत) जे घडतं तेच इथे उभ्या भिंतीत घडतं.

विटा फक्त या जाळ्यातली पोकळी भरतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा भार घेतो आणि मधली वीट नुसती आडोसा देते, तशीच ही रचना. फ्रान्समध्येही लाकडी सांगाडा आणि मधे भराव अशी घरं शतकानुशतकं बांधली जात होती. सोनिएने तीच जुनी समज लोखंडात आणली. फोटो मोठा करून एखादी तिरकी पट्टी वरून खालपर्यंत बोटाने गिरवून पाहा. ती मजल्यांची रेषा ओलांडत थेट खाली उतरत जाते. नुसती नक्षी असती तर प्रत्येक मजल्यावर तुटली असती.

५. विटांवरचे रंग आणि फुलं कसली आहेत?

विटा वेगवेगळ्या छटांच्या आहेत आणि त्यांची मांडणी तिरक्या पट्ट्यांच्या जाळ्याला धरून केली आहे. लोखंडाने आखलेल्या चौकोनांच्या आत रंगीत विटांची नक्षी बसते. जागोजागी झिलई दिलेले मातीकामाचे तुकडे आहेत. त्यांत कोकोच्या झाडाचं फूल आणि मेनिए नावाचं आद्याक्षर दिसतं. छपरावर मधोमध घड्याळाचा छोटा मनोरा आहे.

हे मातीकाम एमिल म्युलर याच्या ईव्हरीच्या कारखान्यातून आलं. म्युलरचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो मुळात अभियंता. म्युलूझ शहरातली १८५३ ची प्रसिद्ध कामगार वसाहत त्याच्याच आराखड्यावर उभी राहिली होती. न्वाझिएलला गिरणी झाल्यावर लगेच कामगारांची घरं उभी राहू लागली, त्यात म्युलूझचा धडा गिरवलेला स्पष्ट दिसतो (प्रश्न १० पाहा).

रंगांकडे जाहिरात म्हणून बघणारेही आहेत, आणि ते चूक नाहीत. कारखान्याची छबी मेनिएच्या प्रचारात सर्रास वापरली जात असे. पण एवढी निगुतीने केलेली जोडणी केवळ जाहिरातीसाठी झाली असेल, असं मला वाटत नाही. दिवसभर दळणाच्या घरघरीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला ही इमारत रोज येणार होती.

६. ही जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत आहे का?

"पहिली" या दाव्यापासून जरा सावध राहावं. इंग्लंडमध्ये श्रूझबरीजवळची जवसाच्या धाग्याची सूतगिरणी १७९७ ची आहे. तिथे आत ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया आहेत, पण बाहेरच्या विटांच्या भिंतीही भार घेतात. शीअरनेसच्या नौदल गोदीतलं १८६० मध्ये पुरं झालेलं बोटींचं कोठार तर पूर्ण लोखंडी सांगाड्यावरच उभं आहे आणि त्याला अनेक मजलेही आहेत. म्हणजे लोखंडी सांगाडा न्वाझिएलच्या आधीचा.

मग न्वाझिएलचं वेगळेपण कशात? भार न घेणारी भिंत, तिरक्या जाळ्याने ताठ केलेला सांगाडा आणि तो सांगाडाच दर्शनी सौंदर्य म्हणून मांडणं, या तिन्ही गोष्टी इतक्या ठामपणे एकत्र आलेली तिच्याआधीची बहुमजली इमारत सापडणं कठीण. त्याच सुमारास व्हियोले-ल-द्युक हा फ्रेंच वास्तुकार लोखंडी सांगाडा आणि रंगीत भरावाच्या भिंती यांच्या बाजूने लिहीत होता, आराखडे काढत होता. सोनिएने ते प्रत्यक्ष पाण्यावर उभं करून दाखवलं. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिचं नाव गगनचुंबी इमारतींच्या इतिहासात आधी घेतलं जातं, ती १८८५ ची.

७. ही आयफेलने बांधली असं ऐकलं. खरं का?

गिरणी आयफेलची नाही. आराखडा सोनिएचा, लोखंडी काम म्वाझाँचं. गोंधळ होण्याचं एक कारण असं, की आयफेल मनोऱ्याला आजचं रूप देण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो वास्तुकार स्तेफान सोव्हेस्त्र याने न्वाझिएलला काम केलं आहे. पण ते तीसेक वर्षांनंतर आणि दुसऱ्या इमारतीवर (प्रश्न ९).

८. मुंबईच्या वॉटसन हॉटेलशी हिची तुलना होऊ शकते का?

होऊ शकते आणि व्हायला हवी. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्लिश अभियंत्याचा आराखडा. लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईत आणले आणि इथे जोडले. तिथेही सांगाडा लोखंडी आणि मधला भराव विटांचा. न्वाझिएलची गिरणी आणि वॉटसन यांच्यात जेमतेम काही वर्षांचं अंतर आहे.

फरक दोन. वॉटसनच्या दर्शनी भागावर न्वाझिएलसारखं तिरक्या पट्ट्यांचं जाळं नाही. तिथे ओळीने खांब आणि पुढे आलेल्या लांब बाल्कन्या आहेत. दुसरा फरक मनाला लागणारा. न्वाझिएलच्या गिरणीची डागडुजी झाली, तिला नवा उपयोग मिळाला. वॉटसनच्या बाल्कन्यांचा काही भाग २००५ मध्ये कोसळला आणि त्यानंतरची तिची कहाणी पाडायचं की वाचवायचं या वादाची आहे. ज्या इमारतीत १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, तिच्याकडे रस्त्यावरून जाणाऱ्या मुंबईकराचं लक्षही जात नाही.

९. आवारातल्या एका इमारतीला "कॅथेड्रल" का म्हणतात? तिथे चर्च होतं का?

चर्च नव्हतं. १९०६ ते १९०८ या काळात सोव्हेस्त्रने नदीच्या पलीकडच्या बाजूला नवी उत्पादन इमारत बांधली. तिची उंची आणि थाट पाहून तिला हे टोपणनाव पडलं. हिच्यात लोखंडाऐवजी प्रबलित काँक्रीट आहे, म्हणजे आत सळ्या घातलेलं काँक्रीट, जे त्या काळी नवीन होतं.

दोन्ही बाजू जोडायला नदीच्या फाट्यावर काँक्रीटचाच कमानीचा पूल बांधला. अभियंता आर्माँ काँसिदेर. कमानीचा गाळा चाळीस मीटरहून जास्त आहे आणि पुलाचं नावच "धाडसी पूल" असं पडलं आहे. कोकोचा माल या पुलावरून इकडून तिकडे जाई. न्वाझिएलला गेलात तर गिरणी पाहून परत फिरू नका. १८७२ चं लोखंड आणि १९०७-०८ चं काँक्रीट एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभं आहे, आणि दोन पिढ्यांनी तोच प्रश्न (पाण्यावरून भार कसा न्यायचा) किती निराळ्या रीतीने सोडवला ते एकाच ठिकाणी उभं राहून दिसतं.

१०. कामगारांची वसाहत कशी होती? आपल्या चाळींसारखी?

चाळींसारखी नाही. १८७४ पासून कारखान्याजवळ विटांची जोडघरं बांधायला सुरुवात झाली. एका इमारतीत दोन कुटुंबं, प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, मागेपुढे बाग. सगळी मिळून सुमारे तीनशे घरं झाली. शाळा, दुकानं, भोजनगृहं, वैद्यकीय सोय आणि पुढे निवृत्त कामगारांसाठी निवासही झाला. त्याच काळात गिरणगावात एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारांची आठवण ठेवून हे पाहिलं तर फरक फार मोठा आहे.

पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा वारसा पुरा होत नाही. घर मालकाचं, नोकरी मालकाची. गावचं महापौरपदही १८७१ पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मेनिए घराण्यातच राहिलं. कामावरून गेलात तर छप्परही गेलं. चांगलं घर आणि पुरती मुठीत असलेली जिंदगी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. महाराष्ट्रात किर्लोस्करवाडी (१९१०) आणि वालचंदनगर ही कारखान्याभोवती वसलेली गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा ताण सांगावा लागणार नाही.

वसाहतीतली घरं आजही वापरात आहेत, लोक तिथे राहतात. फिरताना त्यांच्या खासगीपणाचा मान ठेवा.

११. कारखाना कधी बंद पडला आणि आता तिथे काय आहे?

महायुद्धं आणि वाढती स्पर्धा यांमुळे विसाव्या शतकात मेनिए कंपनी खचत गेली. साठच्या दशकात विलीनीकरण, मग ब्रिटिश राउनट्री कंपनीकडे मालकी, आणि १९८८ मध्ये नेस्लेने राउनट्रीच विकत घेतल्यावर न्वाझिएल नेस्लेकडे आलं. चॉकलेटचं उत्पादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं.

नेस्लेने आवार विकून मोकळं व्हायचं टाळलं आणि फ्रान्सचं मुख्यालय तिथे नेलं. रूपांतराचं काम रेशेन आणि रोबेर या वास्तुकारांकडे होतं. जुन्या औद्योगिक इमारतींना नवा उपयोग देण्यात त्यांचा हातखंडा आहे. जुन्या इमारती राखून, गरजेपुरत्या नव्या घालून त्यांनी कचेऱ्या बसवल्या. पुढे नेस्लेनेही मुख्यालय पॅरिसलगतच्या इसी-ले-मूलिनो इथे हलवलं आणि आवार नव्या विकासकाकडे गेलं. घरं, सार्वजनिक जागा आणि खाद्यसंस्कृतीशी जोडलेले उपक्रम अशा मिश्र वापराचं नियोजन आहे.

माझं मत विचाराल तर मुख्यालयाच्या काळात इमारती जपल्या गेल्या, पण दारं बंद राहिली. नव्या योजनेत दारं उघडणार असतील तर ते हवंच आहे. फक्त गिरणी म्हणजे नव्या घरांच्या खिडकीतून दिसणारा देखावा, एवढीच उरू नये.

१२. ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे का?

नाही. फ्रान्सने संभाव्य स्थळांच्या यादीत तिचं नाव दिलेलं आहे, पण ती यादी आणि प्रत्यक्ष जागतिक वारसा यादी या दोन वेगळ्या गोष्टी. देशांतर्गत संरक्षण मात्र भक्कम आहे. गिरणीला १९९२ मध्ये ऐतिहासिक स्मारकाचा वरचा दर्जा मिळाला.

१३. लोखंड आणि वीट एकत्र असताना गंजाचं काय? खराब झालेला भाग पोलादात नवा करून बसवता येतो ना?

दुरुस्तीतला खरा कळीचा मुद्दा हाच. लोखंड गंजलं की फुगतं, आणि त्याला बिलगून बसलेली वीट त्या दाबाने तडकते. तड्यातून पाणी आत जातं आणि गंज आणखी वाढतो. नदीवरच्या दमट हवेत तर जास्तच. म्हणून अशा इमारतीत रंगाचा थर आणि विटांमधल्या सांध्यांची वेळच्या वेळी डागडुजी हे रोजच्या आयुष्याइतकं महत्त्वाचं काम आहे. सांधे भरायला कडक सिमेंट वापरलं तर वीटच फुटते. मऊ चुन्याचा मसाला थोडी हालचाल सहन करतो.

नवा भाग बसवता येतो, पण विचार करून. एकोणिसाव्या शतकातलं घडीव लोखंड आजच्या पोलादासारखं वेल्डिंगला मानवत नाही. त्यात लोखंड गाळताना उरलेल्या मळीचे पापुद्रे असतात आणि उष्णतेने ते उलगडू शकतात. त्यामुळे जिथे जमेल तिथे रिव्हेट किंवा बोल्टचीच जोडणी ठेवतात. "सगळी सोडवून हुबेहूब नवी बांधली तर?" असंही काही जण विचारतात. आकार तसाच मिळेल. पण १८७२ मध्ये हाताने ठोकलेल्या रिव्हेटींचा, हाताने बसवलेल्या विटांचा पुरावा संपेल, आणि अभ्यासायला काहीच उरणार नाही.

१४. आपल्याकडे गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याची अशी जपलेली इमारत आहे का?

याच्या तोडीची नाही. १९२९ मध्ये गोळ्या-मिठाईपासून सुरू झालेला विलेपार्ल्याचा पार्ले कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. लोकलच्या डब्यात शिरणारा बिस्किटांचा वास एवढीच अनेकांची त्याच्याशी ओळख. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याच्या जोडीने गोळ्या बनवायला १९४० च्या दशकात सुरुवात केली. या ठिकाणांची मोजमापं, नकाशे, फोटो आणि कामगारांच्या आठवणी पद्धतशीर नोंदवल्या जाव्यात, ही माझी मनापासूनची विनंती आहे. इमारत वाचो न वाचो, नोंद तरी वाचली पाहिजे.

१५. लंडनचं मेनिए चॉकलेट फॅक्टरी नाट्यगृह म्हणजे हेच का?

नाही, पण नातं आहे. लंडनच्या सदक भागात मेनिए कंपनीने १८७० च्या सुमारास काढलेल्या कारखान्याच्या इमारतीत आज ते नाट्यगृह चालतं. न्वाझिएल हा मूळ कारखाना, लंडनचा त्याची शाखा.

१६. प्रत्यक्ष पाहायला कसं जायचं? आत सोडतात का?

पॅरिसहून उपनगरी रेल्वेची "अ" मार्गिका घ्या आणि न्वाझिएल स्थानकावर उतरा. तिथून नदीकडे चालत जाता येतं. एरवी गिरणीच्या आत प्रवेश नसतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी युरोपीय वारसा दिवस असतात, तेव्हा आवार पाहण्याची संधी मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. आगाऊ नोंदणी लागू शकते, म्हणून निघण्याआधी स्थानिक पर्यटन कार्यालयाकडे चौकशी करा. आत जाता आलं नाही तरी नदीकाठच्या वाटेवरून गिरणी, तिच्याखालचे दगडी खांब आणि त्यांच्या मधून जाणारं पाणी दिसतं. दुर्बीण असेल तर सोबत ठेवा. विटांमधली कोकोची फुलं काठावरून नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत.